चार नंबरची रेघ

यंदा एप्रिल लागला आणि माझं बूड कुठेच टिकेना.

चहा घेऊन गॅलरीत बसते, दोन घोटांत उठते. पेपर उघडते, मिटते. कपाट आवरायला घेते आणि अर्ध्या साड्या पलंगावर टाकून स्वयंपाकघरात जाते. तिथे कशाला आले ते आठवत नाही म्हणून मिसळणाचा डबा पुसून ठेवते. आमच्या कोथरूडच्या सोसायटीसमोर दोन क्लास आहेत. परीक्षेचे दिवस आले की त्यांच्या पायऱ्यांवर, दुचाक्यांच्या सीटवर, आमच्या फाटकाशेजारच्या कट्ट्यावर मुलंमुली वह्या उघडून पुटपुटत बसतात. ती पुटपुट तिसऱ्या मजल्यापर्यंत चढते आणि मी गॅलरीचं दार लावून घेते. वय वर्षं त्र्याहत्तर. मला आता कोण परीक्षेला बसवणार?

पण दार लावते. त्याला कारण आहे, आणि ते मी घरात कोणाला सांगितलेलं नव्हतं.

तीन आठवडे झाले, आमच्या घरातल्या सरळ वस्तू सरळ राहिल्या नव्हत्या. आधी न्हाणीघरातल्या फरश्या. दोन फरश्यांमधली रेघ मध्यावर येऊन पोटात कळ आल्यासारखी वाकायची. मी फरश्या बसवणाऱ्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावले. मग खिडकीचे गज. गजांना काय, ऊन लागून वाकले असतील. मग पेपरातले रकाने. म्हटलं, हल्ली छपाईच वाईट. एकदा जेवताना आमच्या ह्यांना म्हणाले, "अहो, दाराची चौकट वाकलीय."

"चौकट चाळीस वर्षं एका जागी उभी आहे," हे ताटातून मान न काढता म्हणाले. "तुला जमलं का कधी?"

विषय संपला. मीही संपवला. डोळ्यांचं काही असेल ही शंका मनात यायची, आणि आली की मी उठून दुसऱ्या खोलीत जायची. शंका चालायला हळू असते, हा माझा अनुभव आहे.

अशातच एका दुपारी ईरा, म्हणजे माझी नात, माळ्यावर चढली. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिला एक छोटी फिल्म करायची होती आणि त्यात जुना मॉनिटर हवा होता. वरून तिची किंचाळी ऐकू आली. मला वाटलं पाल. पण ती धुळीत माखलेला चौदा इंची मॉनिटर पोटाशी धरून उतरली, मागचं कुल्ल्यासारखं बोजड अंग सांभाळत.

"आजी! हा लिटरली खजिना आहे! आणि याला फ्रॉक का घातलाय?"

फ्रॉक नव्हे, क्रोशाचं कव्हर. मी विणलेलं. मोतिया रंगाचं, कडेला शिंपल्यांची वीण. माझ्या तरुणपणी, म्हणजे पंचेचाळिशीत (आता ते तरुणपणच वाटतं), घरात जी वस्तू विजेवर चाले तिला मी कव्हर विणून देत असे. टीव्हीला, मिक्सरला, इस्त्रीला. टायपिंगचा क्लास होता माझा. त्यातली यंत्रं काढून सहा कॉम्प्युटर घेतले तेव्हा सहा फ्रॉक विणले आणि पहिले चार दिवस मॉनिटर चालू असतानाही ते अंगावरच ठेवले. मागून हवा जायला जागा हवी, हे कोणाला ठाऊक? पाचव्या दिवशी एकातून जळक्या लोकरीचा वास आला. दुरुस्तीला नगरकर म्हणून एक गृहस्थ येत. त्यांनी कव्हर दोन बोटांत धरून विचारलं, "बाई, याला थंडी वाजत होती का?"

मी त्यांना चहा दिला नाही.

त्या सहा मॉनिटरांचा हंगाम अजून माझ्या नाकात आहे. सकाळी शटर वर केलं की रात्रभर बंद राहिलेल्या प्लॅस्टिकचा वास. मग एकेक बटण. आधी पोटातून 'ठण्ण', मग काचेवर बारीक चुरचुर, पडद्याजवळ हात नेला की मनगटावरचे केस उभे. आणि एक इतका बारीक शिट्टीसारखा आवाज, की तो फक्त मला आणि मांजरांना ऐकू येई. पडद्यावर रोज पांढरी धूळ बसायची, कारण भिंतीपलीकडच्या गाळ्यात पिठाची गिरणी होती. काच पीठ ओढून घ्यायची. पुसलं की तासाभरात पुन्हा. मी अभिमानाने सांगायची, "आमच्याकडे कॉम्प्युटरसुद्धा भाकरी थापतात."

अभिमान हा त्या काळी माझा मुख्य धंदा होता, क्लास जोडधंदा. दारावर माझ्या हस्ताक्षरात पाटी होती: 'क्लास दुपारी १ ते ४ बंद. दार ठोठावून खात्री करू नये.' आत दुसरी: 'नेमून दिलेली जागा बदलून मिळणार नाही. कारण विचारू नये.' या दुसऱ्या पाटीने पुढे जे केलं, ते आठवलं की मला आजही उठून पाणी प्यावं लागतं. आत्ताही प्यायले.

माझा आणखी एक नियम होता. पाटीवर आधी श्री काढतात तसं प्रत्येकाने जागेवर बसलं की पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ टाइप करायची. रेघ झाली की कामाला सुरुवात. काही कारण नाही. मला आवडायचं.

वंदना त्या वर्षी आली, परीक्षेच्या दिवसांतच. यवतमाळकडची. खडकवासल्याच्या रस्त्याला खोली घेऊन राहायची, शिवणे गावातल्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची आणि तिथून बसने सहाच्या बॅचला पोचायची, केसांत पुठ्ठ्याचा भुगा घेऊन. एका सरकारी खात्यात टायपिंगच्या जागा निघाल्या होत्या. एप्रिलअखेर कॉम्प्युटरवर चाचणी. वयाची मर्यादा होती आणि तिचं हे शेवटचं वर्ष होतं. पहिल्याच दिवशी तिने हे मला उभ्याउभ्याच सांगितलं, आपली एस्टी किती वाजता आहे हे सांगावं तसं. मी तिला चार नंबरची जागा दिली. भिंतीला लागून.

तिसऱ्या दिवशी तिने हाक मारली. "मॅडम, लाइन हालून राहिली."

"रेघ हलते आहे, असं म्हणावं," मी दाराजवळच्या टेबलावरून म्हणाले. आधी भाषा दुरुस्त, मग यंत्र. टेबलावरचं लिहिणं पुरं केलं, चष्मा शोधला, सावकाश उठून गेले. रेघ पाटावर ठेवलेल्या पट्टीसारखी सरळ.

"आता होती," ती म्हणाली.

हे रोज होऊ लागलं. तिची हाक, माझं सावकाश उठणं, सरळ रेघ. पडदा पाण्याखाली धरल्यासारखा थरथरतो, अक्षरं डुलतात, बघून मळमळतं, असं ती सांगायची. सकाळच्या बॅचला चार नंबरवर एक पेन्शनर बसत, त्यांना विचारलं. ते म्हणाले उत्तम आहे. ते पडद्याकडे कधीच बघत नसत, बोटांकडे बघत, हे मला ठाऊक होतं. पण त्यांची साक्ष मला सोयीची होती.

नगरकरांना बोलावलं. अर्थात दुपारी. बॅच चालू असताना स्क्रू ड्रायव्हर घेतलेला माणूस आत आलेला मला खपत नसे, म्हणून एक ते चारमध्येच. सगळ्या रस्त्याची शटरं खाली, कुत्रीसुद्धा आडवी, आणि आम्ही दोघं चार नंबरसमोर. त्यांनी केबल काढून पिना पाहिल्या, एखादी वाकली आहे का. स्क्रू घट्ट केले. मागच्या खुंट्या फिरवून चित्र ताणलं, आवळलं. वायरी दुसऱ्या प्लगात लावून पाहिल्या. रेघ ढळेना.

मग जमिनीवर मांडी घालून त्यांनी मला मॉनिटर समजावला. इतका चांगला कोणी समजावला नाही. म्हणाले, "बाई, आत मागच्या बाजूला एक धार आहे, विजेची. काचेला आतून लेप आहे. धार जिथे लागेल तिथे लेप उजळतो. तुम्ही रांगोळीची बोटभर रेघ ओढता ना, तशी ती धार एकेक रेघ ओढत वरून खाली येते. पण ही रांगोळी क्षणात विझते. म्हणून सेकंदाला साठ-सत्तर वेळा पुन्हा काढावी लागते. तुम्हाला रेघ दिसते, पण तिथे कायमची अशी रेघ नसतेच. सतत काढणं चालू असतं, इतकंच."

"मग हलते कशी?"

"रांगोळी काढणारीच्या कोपराला कोणी धक्का दिला तर? या धारेला लोहचुंबकाचा धक्का बसतो. स्पीकर, ट्रान्सफॉर्मर, मोटर. आसपास एखादी मोटर आहे का?"

"पाण्याची आहे. इमारतीच्या मागे, लांब," मी म्हणाले. शांतता होती. भिंतीपलीकडे गिरणीवाले काका पोत्यांवर घोरत होते, ते घोरणंही ऐकू येत होतं. पण गिरणी चालू असायला हवी की नाही, डोक्यात यायला? पुण्यात दुपारी एक ते चार कशाचाही दोष दिसत नाही. जग इतकं निर्दोष असतं की झोपावं.

शेवटी नगरकरांनी चार नंबरचा मॉनिटर उचलून दोन नंबरवर ठेवला, दोनचा चारवर. संध्याकाळी वंदना चारवर बसली आणि म्हणाली, "मॅडम, हालून राहिली." दोन नंबरवरची मुलगी म्हणाली, मला छान दिसतंय. दुसऱ्या दिवशी पाच नंबरचा आणून ठेवला. तरी तेच.

मी मॉनिटर बदलत होते. माणूस बदलून बघावा, वंदनाला दोन नंबरवर बसवावं, हे सुचलं नाही. कसं सुचणार? जागा बदलून मिळत नव्हती ना. पाटी माझ्याच हस्ताक्षरात होती.

मग मी तर्कशास्त्र लढवलं. सगळ्या बॅचसमोर, कमरेवर हात ठेवून. "हे बघ वंदना. मॉनिटर दोनदा बदलला. केबल बघितली, प्लग बघितला. आता राहिलं काय? तू. डोळे दाखवून घे."

कोणीतरी हसलं. ती हसली नाही. आठवड्याने चष्मा लावून आली. चष्म्याने तिचं डोकं दुखू लागलं. लहानपणी तिच्या आत्याची दृष्टी गेली होती म्हणे. तिने हे मला सांगितलं नाही, शेजारच्या मुलीला सांगितलं. ती रेघ काढायची, डोळे मिटायची, पुन्हा उघडायची. वेग रोज कमी. परीक्षेला नऊ दिवस राहिले तेव्हा ती यायची बंद झाली.

आता ईराचा मॉनिटर बघा. म्हणजे मी बघते. त्या दुपारी तिने तो जेवणाच्या टेबलावर ठेवला, कसलासा जोड लावून आपला लॅपटॉप त्याला जोडला आणि बटण दाबलं. वीस वर्षं गप्प बसलेलं ते धूड. ठण्ण! चुरचुर. आतल्या आत धूळ भाजल्याचा वास.  आतल्या खोलीत हे झोपले होते. यांचं एक ते चार पाटीशिवायही चालू असतं.

"आजी, टेस्ट काय करू?"

"रेघ काढ. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

तिने काढली. काळ्या पडद्यावर पांढरी रेघ. डावीकडून सरळ निघाली आणि मध्यावर येऊन वाकली.

मला इतका आनंद झाला! वाकणारच! जुन्या मॉनिटरला कोपरखळी बसतेच. आता दोष कुठला हे मला शोधता येत होतं, मी शिकलेली बाई होते. "ईरा, तुझा तो स्पीकर लांब ठेव. चुंबक असतं त्यात."

ठेवला. रेघ वाकडीच.

"पंखा बंद कर."

"आजी, चाळीस डिग्री आहे बाहेर."

"कर म्हणते ना."

पंखा बंद. फ्रिज बंद. इन्व्हर्टर बंद. मी घरभर फिरत बटणं पाडत होते. लिफ्टचा आवाज आला, तर जिन्यात जाऊन ती थांबेपर्यंत उभी राहिले. परत आले. रेघ तशीच, मध्यावर पोट धरून.

"बघ, अजून वाकडी."

ईरा माझ्याकडे बघत होती, पडद्याकडे नाही. "आजी, रेघ सरळ आहे," ती म्हणाली.

तेव्हा, वंदना यायची बंद झाल्यावर, एका संध्याकाळी मी स्वतः चार नंबरवर बसले होते. परीक्षेची सूचना टाइप करायची होती आणि तेवढीच जागा रिकामी होती. येताना ज्वारीचा डबा गिरणीत ठेवून आले होते. आमच्याकडे संध्याकाळी भाकरी लागते. रेघ काढली. आणि रेघ नाचायला लागली. काठावरचं पाणी थरथरावं तशी; बघून मला मळमळलं. भिंतीतून घरघर येत होती. रोजचीच. इतकी रोजची, की गेली कित्येक वर्षं मी ती ऐकलीच नव्हती.

मी उठून गिरणीत गेले. काकांकडे दोन जाती होती. गव्हाचं रस्त्याच्या बाजूला, ज्वारी-बाजरीचं आमच्या भिंतीला टेकून, मोटरीसकट. "काका, ज्वारीचं जरा बंद करा." बंद केलं. धावत क्लासात. रेघ सरळ. पुन्हा गिरणीत. "चालू करा." धावत क्लासात. नाच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा भुवयांपर्यंत पिठाने माखलेले काका म्हणाले, "बाई, भाकरी खायची की नाही, ते एकदा ठरवून या."

"कोणाचं दळताय?" मी विचारलं.

"तुमचंच."

संध्याकाळी सहाला ज्वारीचे डबे येत. एक डबा दळून व्हायला जितका वेळ लागतो, तितकाच मला चष्मा शोधून सावकाश उठून जायला लागत होता.

मोपेड काढली आणि खडकवासल्याच्या रस्त्याला वंदनाची खोली शोधत गेले. ती दारात तांदूळ निवडत होती, चष्मा न लावता. मी सगळं सांगितलं: मोटर, चुंबक, धार, रांगोळी. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, मी तं तेच सांगून राहिली होती ना."

मी माफी मागितली का? नाही. मी म्हणाले, "उद्यापासून एक नंबरवर बस." माझ्या त्या वयात माफीचा उच्चार असा होता.

ती आली. पाच दिवस राहिले होते. एक नंबरवर तिची बोटं काय पळत! पण मध्यावर आली की ती आपोआप थांबायची, डोळे मिटायची, रेघ हलतेय का बघायची. सवय. ती सवय मी लावली होती. चाचणीत ती थोडक्या शब्दांनी राहिली आणि पुढच्या वर्षी वय निघून गेलं होतं. कारखान्यातच पुढे सुपरवायझर झाली, असं ऐकलं. बऱ्याच वर्षांनी मंडईत भेटली, पेरू निवडत होती. तिने ओळख दिली, मला चांगले चार पेरू निवडूनही दिले. चष्मा नव्हता. मी मान वळवून भावाची घासाघीस करायला लागले, कारण ती बोलू लागली तर मला काय बोलावं लागेल, हे कळत नव्हतं.

आता ईरासमोर उभी होते. पंखा बंद, घामाने पोलकं पाठीला चिकटलेलं. फ्रिज गप्प, लिफ्ट गप्प, सगळं कोथरूड गप्प. स्पीकर बघितला, प्लग बघितला. आता राहिलं काय?

वंदनाला मी करायला सांगायला हवी होती ती सगळ्यांत साधी गोष्ट, ती मी केली. जागा बदलून पाहिली. हाताने उजवा डोळा झाकला. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, अगदी नगरकरांसमोर त्या दुपारी होती तशी. मग डावा झाकला. रेघ मध्यावर वाकली, आणि वाकली तिथे एक करडा डाग होता. रेघेवरून फिरणारी ईराची बोटं त्या डागात शिरली आणि दिसेनाशी झाली.

"आजी? ओके आहेस ना?"

"नाही," मी म्हणाले. हा शब्द मला इतक्या सहज येईल असं वाटलं नव्हतं.

आतल्या खोलीत गेले. पडदा ओढलेला, हे भिंतीकडे तोंड करून. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, यांना मी दुपारी एक ते चारमध्ये कधी उठवलं नव्हतं. मुलगा झाला तोही सकाळी झाला.

"अहो. उठा."

"चार वाजले?"

"दोन वाजून दहा मिनिटं."

"मग कोण गेलं?" डोळे मिटूनच.

"कोणी नाही. माझ्या उजव्या डोळ्यात लाइन हालून राहिली. मध्ये डाग आहे."

त्यांनी डोळे उघडले. माझं मराठी दुरुस्त केलं नाही. "किती दिवस?"

"तीन आठवडे."

मी टोमण्याची वाट पाहिली. चौकटीचा, फरशीवाल्याचा, काहीतरी येईल. आला नाही. तेव्हा कुठे मला खरी भीती वाटली.

"दवाखाना चारला उघडेल," ते उठत म्हणाले.

"मोठ्या रुग्णालयात जायचं. चारपर्यंत थांबायचं नाही मला."

बाहेर ईराने रिक्षा बोलावली आणि मॉनिटर बंद केला. रेघ आत खेचली गेली, मध्यभागी एक पांढरा ठिपका क्षणभर उरला, विझला. हे खोलीतून बाहेर आले. घाईत शर्टाची गुंडी एक घर चुकून लावली होती, एक बाजू वर, एक खाली. एरवी जिन्यातही जाऊ दिलं नसतं. आज तशीच राहू दिली. त्यांचा दंड धरला आणि डावा डोळा उघडा ठेवून पायऱ्या उतरू लागले.